अक्काचं नाक आणि लिंबाचा खार

आमच्या घरात तराजू आहे, थर्मामीटर आहे, आणि मी शाळेतून निवृत्त होताना मुलांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळही आहे. पण अक्काचं नाक शाबूत होतं तोवर यांतल्या एकाचीही कधी गरज पडली नाही. दूध उतू जाणार हे तिला अंगणातून कळायचं. पाहुणा कुणाच्या घरून काय खाऊन आला, हे तो चप्पल काढत असतानाच तिला समजलेलं असायचं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा नवरा लवकर गेला, ती माहेरी परतली. पुढं माझी बायको गेली, आणि सेलूच्या या गल्लीत आम्ही दोघंच उरलो. मी विज्ञानाचा मास्तर, म्हणून गल्ली मला गुरुजी म्हणते. अक्का सगळ्यांचीच अक्का. तिचं राज्य लोणच्याच्या बरण्यांवर. बरणीच्या तोंडाचं फडकं सोडायचं, डोळे मिटून एकदा हुंगायचं आणि निकाल द्यायचा, "अजून मुरू दे," किंवा "काढ आता." चमचा बुडवून चव बघणाऱ्यांची तिला कीव यायची. "जिभेला का कळतंय? जीभ लाचार असती. नाक इमानदार हाय," असं ती म्हणायची.

नवी बरणी उघडली की पहिली वाटी देवापुढं आणि मग गल्लीत घरटी एक वाटी, ही आमच्याकडची रीत. वाटी रिकामी परत येत नाही. कुणी त्यात शेंगदाणे घालतं, कुणी गूळ. मठात वर्षाच्या महाप्रसादाची पंगत बसते, तिचं लोणचंही अक्काचंच असायचं. ते काम तिला कुणी दिलं नव्हतं आणि तिच्याकडून कुणी काढून घेईल असंही कधी वाटलं नव्हतं.

मग कोरोना आला. आम्हा दोघांनाही झाला. माझी भूक गेली आणि परत आली. अक्काचं नाक गेलं ते गेलंच.

सुरुवातीला तिनं हे कुणाला कळू दिलं नाही. सवयीनं लिंबं चिरली, सवयीनं बरणी भरली, हुंगायची वेळ आली तेव्हा डोळे मिटून हुंगल्यासारखं केलं, आणि वाट्या वाटल्या. त्या बरणीला आतून बुरशी धरली होती. तेलाखाली काही दिसत नव्हतं. मी पहिला घास घेतला आणि पाणी प्यालो. गल्लीनंही तेच केलं असणार. सगळ्या घरांतून निरोप आले, "अक्का, यंदा तर लयच झकास." सगळ्या वाट्या परत आल्या आणि प्रत्येकीत साखर.

त्याच आठवड्यात नगरपालिकेची माणसं नाली उपसायला आली. त्यांनी गाळ काढून ज्याच्या त्याच्या दारापुढं काठावर ढीग घातले, आणि प्रत्येक ढिगात लिंबाच्या पिवळ्या फोडी. अक्का पदर तोंडाला लावून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. "चिरण माझीच हाय," एवढंच म्हणाली. संध्याकाळी भाकरी थापताना पुढचं बोलली. "नासलंय म्हणले असते तर का बिघडलं असतं रं? सगळ्यांनी तोंडावर गोड बोलून नालीत टाकलं."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या बरण्या धुऊन फळीवर पालथ्या घातल्या. मठाचं लोणचं गुपचूप पलीकडच्या आळीतल्या एका वहिनींकडं गेलं. कुणी तसं बोललं नाही, आणि हे न बोलणंच अक्काला जास्त लागलं. ती जेवायची, पण औषध घेतल्यासारखी.

परभणीच्या नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी काहीतरी उग्र हुंगत जा, लिंबू, लवंग, असलं काही. नाकाला पुन्हा शाळेत घातल्यासारखं करायचं. अक्का रोज पूजा झाल्यावर लिंबू कापून नाकाशी धरून बसायची. मी विचारायचो, "काही?" ती म्हणायची, "भिंत हुंगल्यावानी."

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला, आणि मास्तर जागा झाला की घरात काहीतरी बिघडतं. लिंबाचा वास असतो सालीतल्या तेलात. तेल पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. हे मी पिढ्यान् पिढ्यांना फळ्यावर लिहून दिलेलं. त्यातच मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. परदेशातली एक म्हातारी, अगदी अक्काच्याच वयाची, लिंबाच्या नुसत्या पिवळ्या साली सोलून स्पिरिटच्या बरणीत घालते, बरणी अंधारात ठेवते, साली पांढऱ्या पडल्या की साखरेचा पाक ओतते, आणि घरचे सगळे छोट्या पेल्यांतून पिऊन हसत बसतात. हसण्याशी मला कर्तव्य नव्हतं. मला वासाचा अर्क हवा होता. अख्ख्या झाडाचा वास एका बरणीत कोंबून अक्काच्या नाकावर सोडला तर नाकाला उठावंच लागेल, असं माझं गणित होतं.

अडचण एकच, की आमचं घर. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती, आणि घराण्यात कुणी थेंबाला शिवलेलं नाही. समोरचे अप्पा, ज्यांचं कापडाचं दुकान आहे, ते दरवर्षी मठात व्यसनमुक्तीवर भाषण करतात. मी त्या भाषणाला दरवर्षी पहिल्या रांगेत असतो. सेलूत दारूच्या दुकानापुढून जातानासुद्धा मी छत्री आडवी धरतो.

म्हणून मी गंगाखेड गाठलं. म्हटलं, तिथं आपल्याला कुत्रं ओळखत नाही. दुकानापुढं साखर कारखान्यावरून सुटलेल्या माणसांची ही गर्दी. मी मफलर तोंडावर ओढून रांगेत उभा राहिलो. तेवढ्यात गल्ल्यावरचा माणूस "सर!" करून ओरडला, फळी उचलून बाहेर आला आणि भर रस्त्यात त्यानं माझे पाय धरले. माझा विद्यार्थी. रांगेतल्या माणसांनी अदबीनं वाट करून दिली. एकानं तर मला नमस्कारही केला.

"सर, कोणती देऊ?" तो हळू आवाजात म्हणाला.

"स्पिरिट जास्त असेल ती. आणि तिला स्वतःचा वास नको."

"वास नको असं सगळेच म्हणतात, सर," तो सहानुभूतीनं म्हणाला आणि बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. शिवाय पिण्याचा परवानाही फाडून दिला. परभणीला गाडी बदलताना मी ती पिशवी पोरगं झोपल्यासारखी मांडीवर धरून बसलो होतो.

साली मी अक्का मठात गेली असताना काढल्या. ती परत आली तेव्हा परातीत सोललेल्या लिंबांचा ढीग. तिनं कमरेवर हात ठेवले. "लिंबाचे कपडे कोणी काढले?"

"तुझ्या नाकाचं औषध करतोय. हात लावू नको."

तिनं ती नागडी लिंबं उचलली, मीठ लावलं आणि एका भांड्यात झाकून ठेवली. टाकायचं म्हणून तिला ठाऊक नाही. आणि मी इथं ती चूक केली जी आमच्याच घरात होऊ शकते. घट्ट तोंडाचं मोठं भांडं हवं होतं, म्हणून मी फळीवरची अक्काची बरणी सुलटी केली. आमच्या घरचा कायदा असा, की बरणीत जे आहे ते अक्काचं. हा कायदा मी लहानपणापासून पाळत आलोय, आणि ऐन वेळी विसरलो.

साली पांढऱ्या पडल्या, पाणी सोन्यासारखं पिवळं झालं. मी पाक करून ओतला. मग मोठ्या ऐटीत अक्काला बोलावून फडकं सोडलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अक्कानं मान झुकवली, माझ्या समाधानासाठी जरा जास्तच वेळ हुंगलं आणि म्हणाली, "न्हाई रं." मला इतकं वाईट वाटलं की मी बरणी बांधून तशीच ठेवून दिली आणि तिच्याकडं पाहणंही टाळलं.

त्यानंतर मला परभणीला जावं लागलं. आपण अजून जिवंत आहोत हे पेन्शनवाल्यांना दरवर्षी जाऊन दाखवावं लागतं. परतलो तेव्हा घरात फोडणीचा खमंग वास, ओट्यावर तिखटाचं भांडं, आणि मध्यभागी बरणी. पण आता लाल. अक्का तोंडभर हसत होती.

"तुला वाटलं मला कळत न्हाई? नाकाचं औषध म्हणं! चोरून माझ्यासाठी लोणचं घालायलास," ती म्हणाली. "पण मीठच विसरलास, येड्या. ना तिखट, ना मोहरी. साली एकीकडं आन् लिंबं दुसरीकडं, रुसून बसल्यावानी. मी दोघांची गाठ घालून दिली. फोडणी थंड करून ओतली."

मी आधी बरणीचं तोंड झाकलं. "तू चाखलंस?"

"चाखलं की. लय दिवसांनी तोंडात काहीतरी कळलं रं. घशापातुर ऊब गेली." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हणून धीर करून वाट्या दिल्या."

"किती घरी?"

"सगळ्या घरी. लेकरांना दिऊ नका म्हणले, तिखट झालंय."

तो एकच दिलासा. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो आणि गल्लीचा अंत होण्याची वाट पाहू लागलो. जेवणाची वेळ झाली. घराघरांत ताटं वाजली. मग एक अशी शांतता पसरली जशी मी वर्गात कधी पाहिली नाही. मग समोरच्या घरातून अप्पांचा आवाज आला, "अजून वाढ गं." मग पुन्हा, "फोडी राहू दे, खार वाढ."

थोड्या वेळानं अप्पा बाहेर आले. शेजारच्या किराणावाल्याशी त्यांचं नालीच्या उतारावरून पुष्कळ वर्षांचं वाकडं. अप्पा त्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "नाली कुठूनबी गेली तरी पाणी गोदावरीलाच जायचं हाय." किराणावाल्यानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला. पलीकडच्या काकू, ज्या नवऱ्यापुढं कधी मान वर करत नाहीत, त्या खिडकीत उभ्या राहून नवऱ्याला तो काय काय चुकला ते सांगत होत्या, आणि तो होय होय म्हणत होता. एका वाटीत एवढं काही नसतं, हे मला विज्ञानानं ठाऊक आहे. पण विज्ञान त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत आलंच नाही.

अंधार पडायच्या आत वाट्या परत आल्या. साखर नव्हती. शेंगदाणे, गूळ, एकीत तर काजू. आणि प्रत्येक वाटीबरोबर दुसरी, मोठी वाटी. "अक्का, थोडा खार मिळंल का?" दुसऱ्या दिवशी किराणावाल्याकडून तांब्या आला.

अक्कानं तो तांब्या हातात धरला आणि ती माझ्याकडं बघत राहिली. "गोड बोलायला वाटीबी पुरती," ती म्हणाली. "तांब्या कुणी खोटं बोलायला पाठवत न्हाई."

या वाक्यानंतर मी तिला काय सांगणार होतो? पहाटे उठून पूजा करणाऱ्या बाईला सांगू, की तू गल्लीला दारू पाजलीस आणि स्वतःही प्यालीस? ती परत उभी राहिली होती. भाकरीबरोबर भांडण करत जेवत होती. फळीवरच्या सगळ्या बरण्या तिनं सुलट्या केल्या आणि मला हुकूम सोडला, "तू ते साली मुरवायचं पाणी आण परभणीहून. बाकीचं माझ्याकडं लागलं." ते पाणी परभणीच्या औषधाच्या दुकानातलं, अशी थाप मी तिला मारली होती. मी गंगाखेडला गेलो. माझ्या विद्यार्थ्यानं या वेळी काही विचारलंच नाही, तो नुसता हळहळला.

गल्लीला कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. अप्पा एकदा माझ्याजवळ बसून गंभीरपणे म्हणाले, "गुरुजी, ह्या खारात औषधी गुण हायेत. मला रातच्याला झोप यायलीय." मी म्हटलं, "लिंबू औषधीच असतं." ते म्हणाले, "लिंबूच," आणि आम्ही दोघंही समोरच्या खांबाकडं बघत बसलो.

आणि मग जे व्हायचं ते झालं. महाप्रसाद जवळ आला आणि अप्पा मठाच्या वतीनं स्वतः घरी आले. पंगतीचं लोणचं यंदा अक्कांनीच करावं. "तेच करा," ते म्हणाले. "मागच्यासारखंच. खार जरा सढळ." अक्कानं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, आणि अप्पा गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडली. मला सगळं ऐकू येत होतं.

गल्लीपर्यंत ठीक होतं. पण मठाच्या पंगतीत, देवाच्या प्रसादात ते वाढायचं म्हणजे माझ्याही छत्रीला मर्यादा आहेत. खरं सांगावं तर अक्का मोडते. गप्प बसावं तर देव बघतो. मी विचार करकरून शेवटी मास्तराला शोभेल असा उपाय काढला, की बरणी फोडायची. म्हातारा माणूस, ठेच लागली, हातातून निसटली. कुणाचा दोष नाही.

पंगतीच्या आदल्या सकाळी अक्का देवघरात असताना मी पंगतीसाठी भरलेली बरणी उचलली, उंबऱ्यापाशी आलो, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि सोडून दिली.

बरणी फुटली नाही. निजामाच्या काळातली, आजोबांनी हैदराबादहून आणलेली. ती धप्पकन आपटली, आडवी झाली आणि घरंगळत निघाली. झाकण एकीकडं, फडकं दुसरीकडं, आणि खाराचा लाल ओघळ थेट देवघराच्या दारापर्यंत. तिला थांबवायच्या धडपडीत मला खरंच ठेच लागली आणि मी त्या खारातच बसलो.

देवघरातला मंत्र थांबला.

"दारू कोणी सांडली?" अक्का म्हणाली.

मी मान वर केली. "काय म्हणालीस?"

"दारूचा वास यायलाय. सासरी शेजारी दुकान होतं, मला का ठाऊक न्हाई? तू प्यालास?"

"यायलाय?"

"मी का इचारायले, तू का बोलायलास!"

"अक्का, वास यायलाय का, ते आधी सांग."

तिनं नाकाला हात लावला, जसा आपण हरवलेली वस्तू खिशातच सापडल्यावर लावतो. मग तिनं बरणीकडं पाहिलं, माझ्या भिजलेल्या धोतराकडं पाहिलं, आणि तिला सगळं एकदम कळलं.

"मुडद्या! मला पाजलीस! सगळ्या गल्लीला पाजलीस! अप्पांना पाजलीस!"

"अप्पा दोनदा मागून घेऊन गेले," मी म्हणालो. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही आवरत नव्हतं. तिनं माझा, माझ्या पदवीचा, मला पास करणाऱ्यांचा उद्धार केला. आमच्या आईनंतर मला इतकं कुणी बोललं नव्हतं. ऐकताना मला एवढंच वाटत होतं, की हिला खरंच वास आलाय.

बोलता बोलता ती थांबली. गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली, आडव्या बरणीच्या तोंडाशी वाकली आणि डोळे मिटले. हुंगल्यासारखं करणं मी पाहिलं होतं. हे तसं नव्हतं.

"दारूच्या मागं लिंबू हाय," ती हळूच म्हणाली. "आपल्या न्हाणीमागच्या झाडाचं."

मग आम्ही दोघांनी अंघोळ केली, घर धुतलं, पुन्हा अंघोळ केली. बरणीत उरलेलं अक्कानं स्वतःच्या हातानं नालीत ओतलं. दुपारी तिनं झाडावरची लिंबं उकडली, चिरली, आणि तडकाफडकीचं साधं लोणचं घातलं. मीठ टाकलं की हुंगायची, फोडणी ओतली की हुंगायची. संध्याकाळपर्यंत घरातली माणसं, भांडी, अंथरुणं सगळी हुंगून झाली. नाक अर्धंच आलं होतं, काही वास अजून लागत नव्हते. पण जे लागत होते त्यांची ती मोठ्यानं नावं घेत होती.

पंगतीत तिनं स्वतः वाढलं. अप्पांनी फोड तोंडात घातली, डोळे बारीक केले, आणखी जरा थांबले. आजूबाजूच्या पानांवरही सगळे तसेच थांबलेले.

"अक्का, राग नका मानू," अप्पा म्हणाले. "बरं हाय. पण मागच्याची सर न्हाई."

"खारात दम न्हाई," किराणावाला म्हणाला. पलीकडच्या काकूंनीही मान हलवली.

मी घाबरून अक्काकडं पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला होता जसा मी तिच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. "न्हाईच हाय," ती म्हणाली. "घाईत केलंय. कच्चं हाय." आणि तिनं अप्पांच्या पानात आणखी एक फोड वाढली. अप्पांनी ती मुकाट्यानं खाल्ली. त्या दिवशी मठामागच्या नालीत एकही फोड पडली नाही. अक्का स्वतः जाऊन बघून आली.

परतताना उन्हाचं आम्ही गल्लीतून सावकाश चाललो होतो. घरी राहिलेल्यांच्या चुली पेटल्या होत्या. अक्का नाक वर करून चालत होती. "हितं मेथी," ती म्हणाली. पुढच्या दाराशी, "हिनं डाळ लावली खाली." आणखी पुढं थोडी थांबली आणि म्हणाली, "लसूण. जळायलाय." मी प्रत्येक दाराशी हुंकार देत होतो.

आमच्या दारात कुलूप काढायला मी पुढं झालो, तेव्हा ती माझ्या खांद्यापाशी वाकली.

"हा सदरा कधी बदललास रं?" ती म्हणाली. "काढ तो. धुवायला टाक."